झाकलेली बाजू

धुळ्यात गल्ली नंबर सहाला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. आता तुम्ही म्हणाल, दोन हजार छत्तीस साली ब्लाउज शिवून घेतंय कोण? फोनसमोर एक गिरकी घ्यायची, माप आपोआप सुरतेला जातं, परवा ब्लाउज दारात हजर. पण घेतात हो बायका शिवून! माझ्याकडे टेप आहे, कॅमेरा नाही, एवढ्यासाठीच येतात. मधे त्या माप घेणाऱ्या अ‍ॅपमधले फोटो फुटले. कुणा मेल्यांनी त्यांचे नको ते व्हिडिओ बनवले आणि गावोगाव फिरवले. तेव्हापासून आमच्याकडच्या बायका कॅमेरा दिसला की आधी पदर सावरतात. माझा धंदा वाढला, पण त्याचा आनंद मानावा असं काही ते नव्हतं.

तर मी योगिता बोरसे. माझ्या जिभेला हाड नाही असं आमचे हे म्हणतात. म्हणू देत. गेल्या वर्षी मला डाव्या छातीत गाठ निघाली तेव्हा मात्र मी पंधरा दिवस गप्प होते. गाठ काढली, छाती राहिली, मग रेडिएशनचे किरण घ्यायला मला हायवेलगतच्या पांझराकाठ कर्करोग रुग्णालयात पाठवलं. पहिल्याच दिवशी त्या खोलीच्या छताला तीन कॅमेरे लटकलेले पाहिले आणि मी टेबलावरून उठून उभी राहिले. म्हटलं, "मी चालले घरी. मरेन तर मरेन."

तिथं बायकांना मशीनखाली नीट झोपवायचं काम हेमलता वाडिले करायची. आम्ही सगळ्या तिला हेमाताई म्हणतो. ती म्हणाली, "अहो, थांबा तर! इतकी तापट बाई मी पाहिली नाही." मग तिनं धुतलेलं मऊ सुती कापड आणलं. चेहरा, गळा, उजवी छाती, पोट, सगळं झाकलं. छोट्या खिडकीसारखा डावा भाग तेवढा उघडा ठेवला. "जिथं उपचार नाही ते कशाला उघडं टाकायचं? आता वरून बघून तुम्ही कोण, हे तुमच्या आईलाही सांगता यायचं नाही," ती म्हणाली. मला रडूच आलं.

फोटो फुटल्यावर त्या मशीनकडे बायका फिरकेनाशा झाल्या होत्या. गाठी अंगावर काढत घरी बसल्या होत्या. हेमाताईचं कापड सुरू झालं आणि बायका परत आल्या, साक्रीहून आल्या, पार नंदुरबारहून आल्या. 'झाकणाऱ्या बाईचा दवाखाना' असंच नाव पडलं त्याचं. आणि मशीनही गुणाचं. माझ्या मावशीची कातडी पूर्वी किरणांनी करपून निघाली होती, माझी साधी लालही झाली नाही. हेमाताईची नि माझी मैत्री झाली ती कायमची. तिचे ब्लाउज मीच शिवते.

आता स्वप्नालीचं सांगते. ही माझी धाकटी जाऊ, साक्रीला असते, शाळेत शिकवते. वय तेहतीस. माझ्यानंतर वर्षाच्या आत तिलाही डाव्याच बाजूला गाठ निघाली. काय नशीब म्हणायचं घराचं! ऑपरेशन झालं, पण किरणांचं नाव काढलं की ती खोलीचं दार लावून घ्यायची. त्याला कारण होतं. कॉलेजात असताना कुणीतरी तिचा चेहरा एका घाणेरड्या व्हिडिओला चिकटवला होता. तिचं एक वर्ष वाया गेलं, ठरलेलं लग्न मोडलं. आमच्या दिरानं सगळं माहीत असून तिला पसंत केलं, पण कॅमेऱ्याची धास्ती काही तिच्या मनातून गेली नाही. घरी साधा वाढदिवसाचा फोटो काढायचा तर ही स्वयंपाकघरात.

मीच तिला समजावलं. "अगं वेडाबाई, झाकतात तिथं. मी स्वतः झोपलेय त्या टेबलावर. हेमाताई माझी मैत्रीण आहे. तुझ्या केसालाही धक्का लागणार नाही, माझी शपथ." ती म्हणाली, "तुम्ही म्हणता म्हणून येते, ताई. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं." सोमवारपासून सुरू करायचं ठरलं.

आणि त्याच्या आधीच्या गुरुवारी मला रुग्णालयातून बोलावणं आलं.

बोलावलं होतं तडवी सरांनी. हे तिथले भौतिकशास्त्रज्ञ. कुणाला किती किरण आणि कुठून द्यायचे, त्याचं गणित यांच्याकडे. तिशीतला बारकेला मुलगा, बोलताना नेहमी टेबलाकडे बघणारा. कोपऱ्यातल्या खुर्चीत हेमाताई बसलेली, डोळे सुजलेले. मला वाटलं, माझी गाठ परत आली.

"तसं नाही," सर म्हणाले. "आधी मशीनचं सांगतो, मग तुमचं. छाती बरगड्यांपाशी जाड असते आणि टोकाकडे पातळ. सगळीकडून सारखेच किरण सोडले तर पातळ भाग भाजतो. म्हणून पूर्वी किरणांच्या वाटेत धातूची पाचर ठेवायचे. पातळ भागासमोर पाचरेची जाड बाजू, जाड भागासमोर पातळ. मग डोस सारखा बसायचा."

"कळलं. कापडाला टक्स घातल्यासारखं."

"हं, तसंच. पण धातूवर आदळून काही किरण इकडेतिकडे उडतात. त्यातले थोडे दुसऱ्या छातीवर पडायचे, जिथं काही आजार नाही तिथं. ते टाळायला पुढं खूप युक्त्या निघाल्या. आपल्याकडचं मशीन सगळ्यात नवं. त्यात दोन काचांमध्ये पातळ धातू वाहता ठेवलाय. तुम्ही श्वास घेतला, छाती वर आली, की धातू सरकतो आणि त्याची जाडी बदलते. नुसतं एवढंच नाही. उडणारे किरण कुठल्या दिशेला जावेत तेही तो आकार बदलून ठरवतो. हृदयाकडे नाही, फुप्फुसाकडे नाही. जिथं अंग नाही, नुसती हवा आहे, तिकडे."

"मग चांगलंच आहे की."

"अंग कुठं आहे आणि हवा कुठं, हे त्याला कॅमेरा सांगतो."

हेमाताईनं तोंडाला रुमाल लावला.

"कापड म्हणजे अंग नाही, ते वजा करायचं, असं त्याला शिकवलंय," सर पुढं बोलू लागले. "जिकडे हे मशीन बनलं, तिकडे बायका दोन्ही बाजू उघड्या ठेवून झोपतात. कापडाखाली कुणी असेल हे तिथं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आणि कित्येकींची एक बाजू ऑपरेशननं आधीच काढलेली असते. त्यामुळे कापड वजा केल्यावर काही सापडलं नाही, की तो समजतो, इथं सपाट आहे, वरून किरण जाऊ द्यायला हरकत नाही."

"अहो, पण स्कॅनमध्ये माझ्या दोन्ही दिसत होत्या ना?"

"दिसत होत्या. पण स्कॅन आधीचा, कॅमेरा आत्ताचा. दोघांचं जुळलं नाही तर कॅमेऱ्याचं खरं मानायचं, असा त्याचा नियम. आम्ही तपासण्या करतो त्या पुतळ्यावर. पुतळ्याला कोण झाकतंय? मागच्या आठवड्यात हेमाताई भाचीच्या हळदीला गेल्या. नाशिकहून बदलीची बाई आली, तिनं कापड घातलंच नाही. त्या दिवशी रोजच्याच पेशंटला त्या वाहत्या धातूनं वेगळाच आकार घेतला. म्हणून मी शोधलं. मग कापड घालून मोजून पाहिलं. झाकलेल्या बाजूला जायला हवे त्याच्या कितीतरी पट किरण जात होते."

मी विचारलं, "म्हणजे माझी उजवी?"

"तुमची उजवी. लगेच काही होत नाही. शंभरात एखादीला, वीसेक वर्षांनी तिथंही आजार निघू शकतो. वय जितकं कमी तितका धोका जास्त. तुमची दरवर्षी नीट तपासणी करू. सगळ्यांनाच बोलावून सांगणार आहोत. तुमच्यापासून सुरुवात केली, कारण सोमवारी तुमच्या जाऊबाई येणार आहेत."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सरांना मी काय बोलणार? ते हेमाताईवरच तोंडसुख घेतलं. "झाकलंस गं चांगलं! देवासारखी मानली तुला. हळदीकुंकवाला पहिला मान तुझा. आणि तू माझ्या धडधाकट बाजूवर विस्तव ओतत होतीस?"

ती रुमालाची घडी घालत बसली. नुसती मान खाली. बोलली असती तर बरं झालं असतं, मला आणखी भांडता आलं असतं. घरी येऊन मी आरशासमोर उभी राहिले आणि उजवीकडे चाचपून पाहिलं. तिथं काही नव्हतं. मला भीती वाटत होती आणि रागही येत होता, आणि राग नक्की कुणाचा हेच कळत नव्हतं. बिचारीनं मायेनंच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी परत सरांसमोर. म्हटलं, "स्वप्नालीचं काय करायचं ते बोला. कॅमेरा बंद ठेवा."

"कॅमेरा बंद तर मशीन बंद."

"मग जुनं मशीन?"

"ते भंगारात गेलं. जळगाव, नाशिक, सगळीकडे आता हेच आहे, आणि तिथं तर झाकतही नाहीत. कंपनीला कळवलंय. दुरुस्ती परवानग्या होऊन यायला तीन-चार महिने लागतील. जाऊबाईंचा ऑपरेशननंतरचा वेळ आधीच टळत आलाय. त्या तेवढ्या थांबल्या तर गाठ परत येईल, अशी भीती आहे."

इकडे आड, तिकडे विहीर. मी दुकानात आले, शटर अर्धं ओढलं आणि शिलाई मशीनवर बसले. अंगाच्या रंगाचं ताणाचं कापड होतं माझ्याकडे. त्याचं अंगाला घट्ट बसणारं, एक सुरकुती नसणारं पोलकं शिवलं. डावीकडे मोकळं, उजवीकडे बंद. म्हटलं, कॅमेऱ्याला आकार दिसला म्हणजे झालं. शनिवारी हेमाताईनं ते पुतळ्याला चढवलं. ती माझ्याशी बोलत होती, मी तिच्याशी फक्त कामापुरतं बोलत होते. सरांनी पडद्यावर बघितलं आणि मान हलवली. मेलं ते यंत्र इतकं हुशार की कापडाची वीण ओळखत होतं. पोलकं वजा, आणि पोलक्याखालची बाजूही वजा. पडद्यावर उजवीकडे नुसतं सपाट दिसत होतं. माझा सगळा आव उतरला. तिथंच खाली बसले.

सर बाहेर गेल्यावर हेमाताई माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "एक सांगू का? तिला सांगू, कॅमेरे बंद आहेत. मी वरचे दिवे मालवते. कॅमेऱ्याला अंधारातही दिसतं, पण ते तिला कुठं माहीत आहे? चेहरा झाकू, बाकी उघडं. सगळे दिवस असंच काढू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"म्हणजे फसवायचं तिला."

"योगिता, पोरीचं वय तेहतीस आहे. माझ्या हातून तुझं झालं ते झालं. तिचं नको व्हायला."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी विचार केला. खोटं बोलून जीव वाचत असेल तर त्यात पाप कसलं? लहान पोराला नाही का आपण गुळात गोळी लपवून देत? मी हो म्हटलं. रविवारभर मी ते वाक्य मनात घोळवत होते. कॅमेरे बंद आहेत. कॅमेरे बंद आहेत.

सोमवारी स्वप्नाली आली ती माझ्या दंडाला धरूनच. दीर बाहेर बसले. नातेवाइकाला आत थांबू देत नाहीत, पण किरण सुरू होईपर्यंत सरांनी मला परवानगी दिली. तिला टेबलावर झोपवलं. हेमाताईनं दिवे मंद केले, तिच्या चेहऱ्यावर कापड घातलं आणि गाऊनची दुसरी नाडी सोडायला हात नेला.

स्वप्नालीनं तो हात घट्ट धरला. "हे काय? उजवीकडे झाकतात म्हणाला होतात ना?"

"आज गरज नाही गं. कॅमेरे बंदच केलेत आम्ही," हेमाताई म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता.

स्वप्नालीनं चेहऱ्यावरचं कापड बाजूला केलं आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही सांगा. बंद आहेत का?"

पाठ केलेलं वाक्य होतं हो माझं! तोंड उघडलं, पण ते वाक्य काही बाहेर येईना. मी म्हटलं, "नाही. चालू आहेत."

ती ताडकन उठून बसली. गाऊन छातीशी गच्च आवळलेला. "शपथ घेतली होती तुम्ही!"

"घेतली होती. तेव्हा मला माहीत नव्हतं."

मग बाहेरच्या खोलीत बसून मी तिला सगळं सांगितलं. पाचर, वाहता धातू, उडणारे किरण, कापडाखालची बाजू, माझी बाजू. मधे सर आले. जिथं मला नीट सांगता येत नव्हतं तिथं ते सांगत गेले. स्वप्नाली ऐकत होती. शिक्षिका आहे, तिला दोनदा सांगावं लागत नाही.

सगळं ऐकल्यावर तिनं सरांना विचारलं, "माझं ते चित्र कुठं जातं?"

"कंपनीकडे. फोटो नसतो, लाखो ठिपक्यांचा आकार असतो. काही दिवस राहतो, मग पुसतात म्हणतात."

"म्हणतात?"

"हो. म्हणतात."

"ते फुटणार नाही, असं तुम्ही लिहून द्याल?"

तडवी सरांनी पहिल्यांदाच टेबलावरची नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. "नाही देता येणार. खोटं कशाला बोलू?"

"आणि मी किरण घेतलेच नाहीत तर?"

"तर गाठ परत यायची शक्यता खूप वाढते. मी मोठ्या डॉक्टरबाईंशी बोललोय. त्या म्हणतात, अजिबात न घेण्यापेक्षा झाकून घेतलेले बरे. आम्ही डोस बसवायचा प्रयत्न करू, पण उजवीकडे जायचे ते जातीलच. उघडून घेतले तर सगळ्यात उत्तम. ठरवायचं तुम्ही."

मला राहवेना. "ठरवायचं काय त्यात? उघडं टाक! अगं चेहरा झाकलेला असतो, हनुवटीच्या वर काही दिसत नाही. कोण ओळखतंय तुला?"

"ताई, त्या व्हिडिओत चेहरा माझा होता आणि अंग दुसरीचं," ती म्हणाली. "कॉलेजात सगळ्यांसमोर मी ओरडून सांगितलं होतं, हे अंग माझं नाही. तेवढ्या एका वाक्यावर मी जगले. चेहरा चिकटवायला त्यांना काही लागत नाही, तो आहेच त्यांच्याकडे. आता अंगही माझंच दिलं, तर मी काय ओरडून सांगू?"

"मग डावी तर दिसणारच आहे ना? ती चालते?"

"डावीवर टाके आहेत. एकटी ती दिसली तर आजार दिसतो. दोन्ही दिसल्या की बाई दिसते."

मी भांडले, खोटं नाही सांगत. तिथल्या नर्स दारातून डोकावून गेल्या इतका माझा आवाज चढला. "माझी बाजू गेली ती मला न कळता गेली. तुला सगळं कळतंय आणि तरी तू हात जोडून आगीत जातेस? वीस वर्षांनी तुझा नवरा काय म्हणेल? तुझी पोरं काय म्हणतील?"

"वीस वर्षं मिळाली तर म्हणतील की काहीतरी." ती चक्क हसली. मग माझा हात हातात घेतला. "तुम्ही रागावू नका हो. तुम्ही खरं सांगितलंत म्हणून मी इथं बसलेय. नाहीतर केव्हाच एसटी स्टँडवर असते. मला किरण घ्यायचे आहेत. पण झाकून."

तिनं संमतीची सही केली. सरांनी तिला पुन्हा एकदा विचारलं, तिनं पुन्हा एकदा हो म्हटलं.

परत टेबल. दिवे यावेळी पूर्ण लावलेले. कॅमेऱ्यांची तिन्ही भोकं स्वच्छ दिसत होती. स्वप्नाली आपण होऊन झोपली, डावा हात डोक्यावर घेतला. हेमाताईनं घडी केलेलं कापड उचललं, टेबलापर्यंत आली आणि थांबली.

"माझ्याच्यानं नाही होणार," ती म्हणाली. "योगिता, आता नाही गं होणार माझ्याच्यानं."

काचेपलीकडे सर वाट बघत होते. स्वप्नाली वर छताकडे बघत पडली होती. मी हेमाताईच्या हातातून कापड घेतलं. इतक्या बायकांच्या अंगावर कापड बेतलं मी, कधी हात अडखळला नाही. त्या दिवशी घडी उलगडायलाच मला वेळ लागला. मी तिचा चेहरा झाकला, गळा झाकला. मग ती तेहतीस वर्षांची, काही आजार नसलेली उजवी बाजू मी झाकली.

कापडाआडून ती हळूच म्हणाली, "ताई, खांद्यापाशी उघडं राहिलंय का? जरा वर घ्या ना."

मी वर घेतलं.